काळा ठिपका, पांढरा ठिपका

२ फेब्रुवारीला परभणीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस सुरू होतो, आणि उरूस उठता उठता माझ्या दुकानात कॅमेरे यायला लागतात. आणणारी पोरं विशी-पंचविशीतली. पाळण्यांचे, कव्वालीचे, खेळण्यांच्या दुकानांचे रात्रीचे फोटो त्यांना झकास आलेले असतात. मग एक दिवस कोणीतरी भर दुपारी निळ्या आभाळापुढे दर्ग्याचा फोटो काढतो आणि आभाळात माशा बसलेल्या दिसतात. "काका, लेन्स गेली." लेन्स गेलेली नसते. मी एवढंच विचारतो, "मैदानात उभं राहून लेन्स बदलली होतीस का?" पोरगं गप्प.

'तुराब' या अरबी शब्दाचा अर्थ माती, धूळ. आणि आमच्या शहराचं जुनं नाव प्रभावती नगरी. एका नावात उजेड, दुसऱ्यात धूळ. फोटोग्राफरच्या नशिबातलं सगळं गावानं आधीच लिहून ठेवलंय, असं वडील गमतीनं म्हणायचे. त्यांनी १९५२ साली, हैदराबादवरच्या पोलीस अ‍ॅक्शनला चार वर्षं झाली असताना, स्टेशनकडच्या रस्त्यावर स्टुडिओ टाकला. मी मॅट्रिक होऊन १९७४ साली त्यांच्या हाताखाली आलो. कॅमेऱ्याला हात लावायला मिळाला दोन वर्षांनी. त्याआधीची दोन वर्षं मी धूळ शिकलो.

शिकवणारा मामू. तो आमचा कोणी नात्याचा नव्हे. रिटचर होता, हैदराबादला शिकून आलेला. परभणी १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे आमच्याकडच्या स्टुडिओंची काशी म्हणजे मुंबई-पुणे नव्हे, हैदराबाद. सहाव्या निजामानं ज्यांना 'मुसव्विर जंग' हा किताब दिला त्या राजा दीनदयाळांचा स्टुडिओ सिकंदराबादला. दीनदयाळ १९०५ साली वारले, पण त्या शहरात रिटचिंगची एक रीतच पडून गेली होती. मनमाड-सिकंदराबादच्या मीटरगेजनं ती रीत आमच्यापर्यंत आली. त्याच गाडीनं कोळशाची काजळीही आली. इंजिनाचा धूर स्टेशनवरून उठायचा आणि वारा फिरला की थेट आमच्या वाळत घातलेल्या निगेटिव्हवर. स्टुडिओला जागा निवडताना वडिलांनी गिऱ्हाईक पाहिलं, वारा पाहिला नाही. हे मामूचं मत, वर्षातून चार वेळा तरी ऐकू यायचं.

मामूचा पहिला धडा म्हणजे ठिपक्याची जात ओळखणं. प्रिंटवर ठिपका काळा असेल तर धूळ कॅमेऱ्यात होती. फोटो घेताना कण काचेवर बसलेला, त्याच्या सावलीत उजेड पोचला नाही, निगेटिव्हवर तेवढं पारदर्शक भोक राहिलं. प्रिंट काढताना त्या भोकातून उजेड घुसला आणि कागद काळा झाला. ठिपका पांढरा असेल तर चोर डार्करूममधला. प्रिंट काढताना कण निगेटिव्हवर होता, त्यानं उजेड अडवला, कागद तेवढा कोरा राहिला. कॅमेऱ्यातली चूक काळी, डार्करूममधली चूक पांढरी. प्रिंट हातात आली की मामू चेहरा नंतर बघायचा, आधी ठिपके मोजायचा, आणि काळे निघाले तर वडिलांकडे बघायचा, पांढरे निघाले तर माझ्याकडे.

पांढऱ्या ठिपक्यावर इलाज सोपा. बारीक ब्रश, काळा रंग, ब्रशचं टोक जिभेवर ओढून अणकुचीदार करायचं आणि ठिपका भरायचा. रंगवायचा नाही, भरायचा. ब्रश जवळजवळ कोरडा, एक टिंब, दुसरं टिंब, शेजारच्या करड्या रंगाला ते मिळेपर्यंत. याला स्पॉटिंग म्हणत. काळ्या ठिपक्याचं काम वेगळं. त्यासाठी निगेटिव्हवरच जावं लागे. मामूचं उतरतं डेस्क खिडकीपाशी होतं: मध्ये दुधी काच, खाली आरसा, वरून पुठ्ठ्याचं छप्पर. आरसा खिडकीचा उजेड काचेतून वर फेकायचा. निगेटिव्हच्या मसाल्याच्या, म्हणजे रसायनाच्या थराच्या, बाजूला टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेल्या राळेचं बोट फिरवायचं, म्हणजे पेन्सिल धरते. पेन्सिल कडक शिशाची, पॉलिश पेपरवर घासून सुईसारखी केलेली, लाकडाबाहेर इंचभर शिसं उघडं. त्या टोकानं मामू भोक भरायचा. त्याच टोकानं देवीचे वण भरायचा, डोळ्यांखालची काळी वर्तुळं उजळायचा. देवीच्या व्रणांचे चेहरे तेव्हा गावागावात होते, आणि लग्नासाठी दाखवायच्या फोटोत ते कोणालाच नको असत. एका मुलीच्या चेहऱ्यावर त्यानं अडीच तास घालवलेले मी पाहिलेत. फोटो नेताना तिच्या वडिलांनी आमच्या वडिलांचे हात धरले. मामू आत चहा पीत होता.

धूळ भरण्याआधी ती बसू न देणं ही खरी विद्या. डार्करूममध्ये झाडू चालत नसे, ओलं फडकंच. काम सुरू करायच्या अर्धा तास आधी फरशीवर पाणी शिंपडायचं, दाराला ओलं गोणपाट टांगायचं, पंखा बंद, स्वेटर-मफलर बाहेर. मी एकदा घाईत निगेटिव्हवर फडकं झटकलं तेव्हा मामूनं हात धरला: "गर्दा उडाना नै बेटा, बिठाना." उडवलेला कण दोन मिनिटांनी परत येतो. ओल्या हवेत बसलेला कण तिथंच राहतो. मे महिन्यातल्या त्या काळोख्या खोलीत, कपाळावरचा घाम ट्रेमध्ये पडू नये म्हणून डोक्याला रुमाल बांधून, मी हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल त्याला हिशेब नाही.

आमच्या आधीच्यांचे हाल आणखी वाईट होते. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं ओल्या कलोडियनची रीत काढली. तीत काच चिकट असतानाच फोटो घ्यावा लागे आणि ती वाळायच्या आत धुवावी लागे. दख्खनच्या उन्हाळ्यात चिकट काच उघडी करायची म्हणजे वारुळापुढे गूळ ठेवायचा. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्सनं जिलेटिनच्या कोरड्या काचेचा रस्ता दाखवला आणि पुढे तयार काचा खोक्यात भरून रेल्वेनं येऊ लागल्या. वडिलांनी धंदा सुरू केला तो या कोरड्या काचांवर, हाफ प्लेटच्या लाकडी कॅमेऱ्यानं. मी आलो तोवर काचा माळ्यावर गेल्या होत्या आणि फिल्मचं राज्य सुरू झालं होतं.

फिल्म उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची, इंदू नावाची. नाहीतर पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनची ऑर्वो. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आमच्याकडे उगाच मिरवायला वापरतात, पण आमच्या काउंटरवर ती अक्षरशः खरी होती: जर्मनीचा रोल, परभणीचा चेहरा. रोलनं एक मोठं काम केलं, ज्याची किंमत आम्हाला फिल्म गेल्यावर कळली. एकशेवीसच्या रोलवर १२ फोटो, म्हणजे दर फोटोला नवी कोरी जागा. एखादा कण बसलाच तर एका फोटोचं नुकसान करून रोलबरोबर पुढे निघून जायचा. कॅमेऱ्यात कुठे वाळूचा कण अडकला तर मात्र रोलभर तारेसारखी सरळ रेघ यायची. तेवढं सोडलं तर काळे ठिपके कमी झाले. मामूच्या हाती राहिले पांढरे.

मग नव्वदच्या दशकात रंगीत लॅब आल्या. आम्ही रोल एसटीनं नांदेडला, औरंगाबादला पाठवू लागलो, दोन दिवसांनी पाकीट परत. चकचकीत रंगीत कागदावर मामूचा काळा रंग बसेना. डेस्क भिंतीकडे सरकलं, त्यावर आधी अल्बम आणि नंतर पाण्याचा माठ आला. मामू १९९३ साली गेला. त्यानं हात लावलेला एकही फोटो त्याच्या नावावर नाही. खाली स्टुडिओचा शिक्का आहे, तो आमचा.

२००६ साली मी सेकंडहँड निकॉन डी ७० घेतला. सहा मेगापिक्सेल, तेव्हा अभिमानानं सांगायचा आकडा. रोल नाही, धुलाई नाही, डार्करूमला कुलूप. वाटलं, धुळीतून सुटलो. त्या मे महिन्यात पाथरी रोडला एका शेतातल्या मांडवात लग्न होतं. नांगरलेली काळी जमीन, तिच्यावर सकाळपासून जीप-ट्रॅक्टर फिरलेले. आमच्या काळ्या मातीचं असं आहे की पावसाळ्यात ती बुटाला सोडत नाही आणि उन्हाळ्यात तिचं पीठ होतं. त्या फुफाट्यात मी तीन वेळा लेन्स बदलली. रात्री कॉम्प्युटरवर पाहिलं तर घोड्यावरच्या नवरदेवाच्या मागे आभाळात अकरा ठिपके. पुढच्या फोटोत तेच अकरा, तिथंच. आठशे फोटो, प्रत्येकात तेच अकरा. आगीतून फुफाट्यात जाणं काय असतं ते त्या रात्री कळलं.

ठिपके काळे होते. मामू असता तर लांबूनच सांगितलं असतं, कॅमेऱ्यातली चूक. ३० वर्षं पांढरे ठिपके भरल्यावर डिजिटलनं आम्हाला परत काचेच्या काळात नेऊन सोडलं होतं. फरक एवढाच की काच आता एकच, आणि ती बदलता येत नाही. सेन्सर म्हणजे २४ बाय १६ मिलिमीटरचा, छोट्या टपाल तिकिटाएवढा तुकडा. धूळ त्याच्यावर बसतच नाही, त्याच्या पुढ्यात एक पातळ काच असते तिच्यावर बसते. तिची सावली मागे पडते. लेन्सचं तोंड पूर्ण उघडं असेल तर उजेड सगळीकडून येतो आणि सावली पसरून दिसेनाशी होते. तोंड एफ १६ किंवा २२पर्यंत बारीक केलं की सावली टोकदार होते. म्हणून उरुसातल्या रात्रीच्या फोटोत डाग दिसत नाही आणि दुपारच्या आभाळात दिसतो.

मी काय केलं? जे निगेटिव्हवर जन्मभर केलं तेच. कॅमेऱ्यातला आरसा वर केला आणि फू करून फुंकर मारली. थुंकीचे दोन बारीक तुषार काचेवर गेले आणि वाळले. अकराचे तेरा झाले, आणि हे दोन असे की हवेनं हलेनात. ऐन लग्नसराईत कॅमेरा मोठ्या शहरात पाठवला, सतरा दिवस तिकडे. त्या सतरा दिवसांत चार लग्नं दुसऱ्यांना द्यावी लागली. अल्बम करणाऱ्या पोरानं कॉम्प्युटरवर आठशे फोटोंतले ठिपके झाकून दिले आणि वर सल्ला दिला, "सर, सफाई कशाला, दर वेळी झाकून टाकू." हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. आभाळातला ठिपका झाकता येतो. नवरीच्या पापणीवर, शालूच्या काठावर, अक्षतांच्या गर्दीत पडलेला ठिपका झाकताना मशीन शेजारचं काहीतरी उचलून तिथं चिकटवतं, आणि काठाची एक वेल तुटते. मामूनं वेल तुटू दिली नसती.

तेव्हापासून सेन्सर मी स्वतः पुसतो, आणि हळूहळू जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेडच्या पोरांचेही पुसायला लागलो. जागा न्हाणीघर. सकाळी गरम पाण्याचा नळ पाच मिनिटं सोडून ठेवायचा, वाफ भिंतींवर जाऊ द्यायची, नळ बंद करून पंधरा मिनिटं थांबायचं. गर्दा बिठाना. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, कारण अर्ध्यात ती संपली तर वर उचललेला आरसा आणि शटर खाली येतात, थेट पुसायच्या काडीवर. आधी एक फोटो: पांढरा कागद, एफ २२, फोकस मुद्दाम बिघडवलेला, आणि फोटो निघत असताना कॅमेरा हातानं हलवायचा. कागदावरचं सगळं हलून पुसट होतं. जे हलत नाही ते आतलं. मग नकाशा. सेन्सरवर चित्र उलटं पडतं, म्हणून फोटोत वर डावीकडे दिसणारा डाग, कॅमेऱ्यात समोरून डोकावलं तर खाली डावीकडे असतो. पहिल्या वर्षी मी हे विसरून नको त्या कोपऱ्यात तासभर घालवला होता.

मग कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे करून रबरी फुग्यानं हवा, आठ-दहा वेळा. डब्यातली दाबाची हवा कधीच नाही, तिच्यातून द्रव उडतो आणि काचेवर गोठतो. निम्मा कचरा इथंच पडतो. मानवत-सेलूच्या जिनिंगमध्ये फोटो काढून आलेल्या कॅमेऱ्यात रुईचा तंतू असतो, फोटोत तो वळवळत्या किड्यासारखा दिसतो, पण फुग्यानं पटकन जातो. वाळलेली माती चिकट. त्याहून चिवट पंख्याच्या ग्रीसचा किंवा आतल्या भागांच्या तेलाचा थेंब. सगळ्यांत हट्टी गुलाल. निवडणुकीच्या विजयी मिरवणुकीतून आलेला कॅमेरा मी शेवटी घेतो. गुलालाचा कण ओला केला की त्याचा लगदा होतो आणि पुसायला गेलं की पसरतो.

अशा डागासाठी ओली काडी. तिच्या टोकाची रुंदी सेन्सरच्या रुंदीएवढीच, टोकावर तंतू न सोडणारं कापड, त्यावर मिथेनॉलच्या द्रवाचे दोन थेंब. तिसरा नको, ओघळ राहतो. काडी एका कडेला टेकवायची, थोडी तिरकी, एकाच दमात दुसऱ्या कडेपर्यंत न्यायची, पालथी करायची, तशीच परत आणायची आणि टाकून द्यायची. मधे थांबायचं नाही, मागे-पुढे घासायचं नाही, दाबायचं तर मुळीच नाही. डाग राहिला तर परत परीक्षेचा फोटो, परत नवी काडी. तीन काड्यांनी गेला नाही तर त्या दिवशी कॅमेरा बंद. दुसऱ्या दिवशी तोच डाग बहुतेक पहिल्या काडीला निघतो. द्रवानं तो रात्रीतून सैल झालेला असतो, की माझा हात, ते मी ठरवत बसत नाही. तिसऱ्या काडीनंतर जो हट्टाला पेटतो तो काच खरवडतो.

कंपन्यांनीही हातपाय मारले नाहीत असं नाही. ऑलिंपसनं २००३ साली ई-१ कॅमेऱ्यात सेन्सरपुढची काच सेकंदाला हजारो वेळा थरथरवून धूळ झटकायची युक्ती आणली. २००६ साली कॅननच्या ४०० डीमध्ये, २००७ साली निकॉनच्या डी ३००मध्ये तसंच काहीसं आलं. कोरडी धूळ त्यानं पडते, गुलाल नाही पडत. २०१२ साली आलेल्या निकॉन डी ६००च्या फोटोंत डागांच्या तक्रारी जगभर झाल्या, पुढच्याच वर्षी डी ६१० बाजारात आला आणि २०१४ साली कंपनीनं जुन्यांची तपासणी-दुरुस्ती फुकट करून द्यायचं जाहीर केलं. जपानात बसून इतकं करणाऱ्यांना जमलं नाही ते आपल्या न्हाणीघरात जमतं, असं मी म्हणणार नाही. पण ती बातमी वाचून बरं वाटलं होतं, हे कबूल करतो. आता आरसाच नसलेले कॅमेरे आलेत. लेन्स काढली की सेन्सर उघडा, अंगणात झोपलेल्या पोरासारखा. कॅननच्या २०१८च्या ईओएस आरमध्ये कॅमेरा बंद केला की शटर मिटतं, ही मला आवडलेली सोय. बाकीच्यांनी येलदरी धरणावर आणि चारठाण्याच्या देवळांपुढे प्री-वेडिंग करताना लेन्स गाडीत बसून, काचा वर करून बदलावी.

मागच्या दिवाळीत माळा उतरवला तेव्हा वडिलांच्या काचांची खोकी निघाली. दीनदयाळांच्या अडीच हजारांहून जास्त काचा आज दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवल्यात. आमच्यासारख्या स्टुडिओंच्या काचा बहुतेक गरम पाण्यात धुऊन फोटो मढवणाऱ्यांना विकल्या गेल्या. गावातल्या कितीतरी देवांच्या तसबिरींवर आज जी काच आहे तिच्यावर कधीतरी कोणाचा तरी चेहरा होता. उरलेल्या काचा मी खिडकीपुढे धरून पाहिल्या. त्यांत ती लग्नाची मुलगी नव्हती, तिचा फोटो फिल्मवर होता. पण एका फेटेवाल्या म्हाताऱ्याच्या गालावर उजेड तिरका पडला तेव्हा पेन्सिलच्या बारीक स्वल्पविरामांची रांगच्या रांग चमकली. मामूचा हात.

तेव्हा तुमच्या घरात, वाड्यात, बंद पडलेल्या एखाद्या स्टुडिओच्या माळ्यावर अशा काचा असतील तर एक करा. ओल्या फडक्यानं पुसू नका. चकचकीत बाजू काचेची, मळकट दिसणारी बाजू मसाल्याची. पेन्सिल त्या मळकट बाजूवर असते आणि एका पुसण्यात जाते. कडेला धरा, मऊ कोरड्या ब्रशनं वरची धूळ अलगद उतरवा, प्रत्येक काच वेगळ्या कागदात गुंडाळून उभी ठेवा. उरूस सोडून वर्षभर मी सकाळी दुकानात असतो. घेऊन या, उजेडापुढे धरून बघू.